नव्या तुकडीस खुले पत्र : सत्तर अंशांचा गुडघा

नव्याने दाखल झालेल्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यात फिजिओथेरपीचे लोक आहेत, ऑक्युपेशनल थेरपीचे आहेत, फार्मसी, नर्सिंग, ऑडिओलॉजीचेही आहेत. कोणी पदवीनंतर थेट आलंय, कोणी चार वर्षं नोकरी करून. वेळेचं नियोजन करा, झोप घ्या, ताण घेऊ नका, हे सगळं स्वागताच्या कार्यक्रमात सांगून झालं असेल. त्यात खोटं काही नाही, फक्त पहिल्या महिन्याच्या धबडग्यात त्यातलं अक्षरही आठवत नाही. मी तुमच्या दोन वर्षं पुढे आहे, फिजिओथेरपीला. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि त्यासाठी माझी एक फजिती उघडी करावी लागणार आहे.

माझ्या पहिल्या पोस्टिंगचा दुसरा आठवडा होता. सांधा बदललेल्या एका आजींचा गुडघा किती वाकतो ते मोजून फाइलमध्ये लिहायचं, एवढंच काम. मोजायचं गोनिओमीटरने, म्हणजे स्क्रूने जोडलेल्या दोन पट्ट्यांच्या कोनमापकाने. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, मांडीच्या हाडाच्या खालच्या उंचवट्यावर. एक पट्टी खुब्याजवळच्या हाडाच्या उंचवट्याच्या, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरच्या रेषेत, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या रेषेत. व्हायवात हे मी एका दमात म्हणून दाखवलं होतं आणि सरांनी पुढचा प्रश्नही विचारला नव्हता. आजींच्या मांडीवर मात्र मला ट्रोकँटर सापडेना. दोनदा चाचपलं. तिसऱ्यांदा त्या कण्हल्या. शेजारच्या कॉटवरची माझी बॅचमेट काम उरकून निघालीसुद्धा होती. मी पट्टी अंदाजाने खुब्याकडे धरली, गुडघा डोळ्यांना काटकोनात दिसत होता, आणि लिहून टाकलं : ९०.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतः मोजलं. ७०.

आता एका रात्रीत गुडघा वीस अंशांनी आखडला तरी असणार, नाहीतर कालचा आकडा तरी चुकलेला असणार. मॅडमनी पहिली शक्यता आधी धरली, आणि तीच धरायला हवी होती. त्यांनी सूज पाहिली, कातडी गरम लागते का ते पाहिलं, पोटरी तपासली, ताप आला होता का, रात्री पाय घसरला होता का, सगळं विचारलं. सर्जनना बोलवावं का, याचीही चर्चा झाली. आजींचा चेहरा उतरत चालला होता. "काही बिघडलं का गं?" हे त्यांनी मला विचारलं, मॅडमना नाही. आणि मी जवळजवळ दहा मिनिटं गप्प उभी होते. मग सांगितलं. मॅडमनी आधी आजींना धीर दिला, मला बाहेर नेलं आणि म्हणाल्या, "सापडलं नव्हतं तर तसंच लिहायचं. मी येऊन शोधलं असतं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं होतं.

चुकीचं मोजणं हे शिकाऊ हातांचं काम आहे, ते तुमच्याकडूनही होईल. त्या दहा मिनिटांच्या गप्प बसण्याला मात्र शिकाऊपणाची सबब चालत नाही. ही सवय मी घेऊन आले होते. आपण सगळेच घेऊन येतो. शाळेपासून आपली ओळख काय, तर पहिल्यांदा हात वर करणारी मुलगी, उत्तर येणारा मुलगा. त्याच जोरावर आपण इथवर पोहोचलो. आणि इथे येऊन कळतं की येत नसलेल्या गोष्टींची यादी येणाऱ्या गोष्टींपेक्षा लांब आहे, ती रोज वाढते आहे, आणि आजूबाजूला बसलेले सगळे एकेकाळी आपापल्या वर्गातले पहिले आहेत. मग माणूस लपवायला लागतो. वर्गात मान हलवतो, वॉर्डात अंदाजाने आकडा लिहितो. या लपवण्यामागच्या भीतीला मानसशास्त्रात एक नावही आहे. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी 'इम्पोस्टर फेनॉमेनन' हा शब्द वापरला, तो उत्तम कामगिरी करूनही 'मी सगळ्यांना फसवून इथे आले, कधीतरी पकडली जाईन' असं वाटणाऱ्या स्त्रियांविषयी. पुढे लोकांनी त्याला 'सिंड्रोम' म्हणायला सुरुवात केली. तो आजार नाही. पण तुम्हाला तो वाटेल, आणि ज्याच्याकडे पाहून वाटेल त्यालाही तो वाटत असेल.

अभ्यासापासून सुरुवात करते, कारण लपवालपवी पहिल्यांदा तिथेच होते, आणि तीही स्वतःपासून.

पदवीपर्यंत माझी पद्धत ठरलेली होती. धडा वाचायचा, पिवळ्या हायलायटरने रंगवायचा, पुन्हा वाचायचा. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण पुस्तक मिटतो. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे पहिल्या टर्मच्या प्रॅक्टिकलमध्ये समजलं. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, न बघता, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारेच पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, 'तुम्हाला आठवड्याने किती आठवेल?' असं आधी विचारलं तेव्हा जास्त खात्रीने बोलले होते ते वाचणारेच. त्या खात्रीची मला फार भीती वाटते, कारण तीच मला व्हायवाच्या दारापर्यंत सोबत करायची.

तेव्हा करायचं काय, तर कोरा कागद. उदाहरणार्थ ब्रेकियल प्लेक्सस, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं. सी-५ ते टी-१ अशी पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, शेवटी पाच मोठ्या नसा. पुस्तकातली आकृती पाहून 'हो, हेच' म्हणणं अगदी सोपं असतं. पुस्तक मिटून काढायला बसा. पहिल्यांदा कॉर्डपाशी हात थबकेल. तिथेच थांबायचं, कुठे अडलं तिथे खूण करायची, मग पुस्तक उघडायचं. रात्री पुन्हा, उद्या पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा. कागदावरची ती खूण म्हणजे त्या दिवसाचा अभ्यास, बाकीचं तुम्हाला येतच होतं. पहिले दोन आठवडे ही पद्धत अपमानास्पद वाटते. रोज संध्याकाळी आपल्याला काय येत नाही याचा लेखी पुरावा समोर पडलेला असतो. शेजारी कोणीतरी शांतपणे तीन धडे रंगवून झोपायला गेलेलं असतं. जाऊ द्या त्यांना.

ग्रुप स्टडीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चारपेक्षा जास्त माणसं जमली की गप्पा होतात, आणि सगळेच माना हलवणारे जमले तर त्याहून वाईट होतं. आमचा पहिला ग्रुप तसाच मोडला. दुसऱ्यात आम्ही एकच नियम ठेवला : समजावणाऱ्याने वही उघडायची नाही. एकजण पेशंट होऊन बसायचा, पेशंट विचारतो तसे आडवेतिडवे प्रश्न विचारायचा. "म्हणजे नस दबली म्हणजे नेमकं काय झालं?" या प्रश्नावर भल्याभल्यांची तारांबळ उडते. लॅटिन नावांच्या आड लपता येत नाही ना.

हे बोलून पाहणं ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी तर लागतंच. ही परीक्षा रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली. घंटा वाजते, तुम्ही एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जाता, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं, समोर खरा किंवा शिकवून तयार केलेला पेशंट, आणि बाजूला यादी घेऊन बसलेला परीक्षक. तुमच्या मनात काय चाललंय ते त्या यादीला दिसत नाही. माझ्या पहिल्या ऑस्कीत खांद्याच्या स्टेशनवर मी तीन चाचण्या अचूक केल्या आणि स्वतःचं नाव सांगायला, परवानगी घ्यायला, हात स्वच्छ करायला विसरले. गुण गेले ते तिथे. वैद्यकीय शिक्षणात जॉर्ज मिलर यांची १९९० सालची एक चार पायऱ्यांची उतरंड नेहमी दाखवतात : माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. पदवीपर्यंतच्या लेखी परीक्षांत आपण पहिल्या दोन पायऱ्यांवर पहिले आलो होतो. इथे गुण तिसरीवर मिळतात. आणि आजींचा गुडघा चौथीवर होता.

हात धुण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. इग्नाझ सेमेलवाइसची गोष्ट तुम्हाला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगतील. १८४७, व्हिएन्ना. प्रसूतिगृहाच्या दोन विभागांपैकी ज्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तिथे बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. दुसरा विभाग सुईणींचा होता. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बायकांना तपासायला येत, हे सेमेलवाइसच्या लक्षात आलं. मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. ही गोष्ट नेहमी सेमेलवाइसच्या बाजूने सांगतात, त्याची हुशारी, त्याची झालेली उपेक्षा. मला मात्र ती ऐकताना ते विद्यार्थी आठवतात. मेहनती असतील, पहाटेपासून शवागारात उभे राहून शिकत असतील. आपल्या हातांवर काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. तुमच्या-माझ्यासारखेच होते ते.

पेशंटशी पहिलं बोलणं. इथे नव्या माणसाला दोन गोष्टींचा मोह होतो. एक, आपण विद्यार्थी आहोत हे पुसट करायचा. कोणी 'डॉक्टर' म्हटलं तर दुरुस्त न करायचा. करा दुरुस्त. "मी इथे शिकते आहे, मॅडमच्या देखरेखीखाली तुमचा खांदा तपासणार आहे, चालेल ना?" एवढं वाक्य आधीच बोललं की पुढे अडलं तर "थांबा हं, मॅडमना विचारून येते" म्हणताना जीभ जड होत नाही. मला आजवर दोघांनीच नाही म्हटलंय, आणि तो त्यांचा हक्क होता.

दुसरा मोह मधेच बोलायचा. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. त्यात आपलं पहिलं सांगणं पूर्ण करता आलेले पेशंट फक्त १७ निघाले, आणि डॉक्टर मधे बोलत ते सरासरी १८ सेकंदांत. ते तर पदवी घेतलेले डॉक्टर होते. आपण मधे बोलतो ते बहुतेक वेळा घाबरून. पेशंट आपल्याला न येणाऱ्या गोष्टीकडे वळेल की काय, म्हणून त्याला आपल्या ओळखीच्या प्रश्नावर आणून ठेवतो. मी एक युक्ती करते : पहिला प्रश्न विचारला की पेन खाली ठेवते. पेन हातात असलं की लिहायचं असतं, लिहायचं असलं की पेशंटला थांबवावं लागतं. आजींनीच एकदा, पेन खाली असताना, सांगितलं की त्यांना जिन्याची भीती नाही, रात्री एकटीने खुर्चीतून उठायची आहे. जिना चढायला गुडघा साधारण ८० ते ८५ अंश वाकावा लागतो, खुर्चीतून उठायला ९०च्या पुढे. मी जिन्याचे व्यायाम लिहून ठेवले होते.

एक गोष्ट तुम्हाला आधीच माहीत असलेली बरी. होजत आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या सहानुभूतीची वर्षागणिक मोजणी केली. ती सगळ्यात जास्त घसरली तिसऱ्या वर्षी, म्हणजे विद्यार्थी पुस्तकं सोडून पेशंटकडे येतात नेमक्या त्या वर्षी. प्रश्नावलीवरचे गुण आहेत, त्यांना किती मानायचं ते तुम्ही ठरवा. पण 'बेड नंबर सहाचा गुडघा' असं मी पहिल्यांदा कधी म्हणाले ते मला आठवत नाही, म्हणजे ते किती सहज आलं असेल. तुम्हीही म्हणाल. म्हटलेलं स्वतःच्या कानांनी ऐकू आलं, तरी पुष्कळ झालं.

झोपेवर भाषण देणार नाही, एकच प्रयोग सांगते, कारण तो याच पत्राच्या विषयातला आहे. व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये काहींना सलग चौदा दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. लक्ष किती टिकतं याच्या चाचण्यांत ते दिवसागणिक घसरत गेले, दोन आठवड्यांनी त्यांची गत अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखी झाली होती. आणि त्यांना स्वतःला मात्र आपण फार पेंगुळलोय असं वाटत नव्हतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात "मला सहा तास पुरतात" असं जो म्हणतो, त्याच्या म्हणण्याला तुम्ही किती किंमत द्याल ते बघा. मीही म्हणायचे.

घरच्यांना हे सगळं कळेलच असं नाही, 'अजून किती शिकणार' हा प्रश्न येतच राहतो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एका बाबतीत मात्र थट्टा करणार नाही. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, एकेकाळी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटत नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, तर समोरच्या पेशंटला तुम्ही काय सांगितलं असतं ते आठवा. 'परीक्षा संपल्यावर बघू' असं तुम्ही त्याला म्हणाला नसतात. समुपदेशकाकडे जा, डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगा, आणि एकटे राहू नका. मी दुसऱ्या टर्मला समुपदेशनाला गेले होते. जाताना जिन्यात कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून लिफ्टने गेले, आणि लिफ्टमध्ये माझी बॅचमेट होती. तीच, शेजारच्या कॉटवर काम भराभर उरकणारी. तीही तिकडेच निघाली होती. आजींच्या दिवशी तिच्याकडे पाहून मी घाई केली होती, हे तिला मी त्या लिफ्टमध्ये सांगितलं. ती म्हणाली, "मी त्या दिवशी नाडी मोजलीच नव्हती गं. आदल्या दिवसाचा आकडा लिहिला होता."

हे पत्र उघडं आहे, तर माझ्या बरोबरीच्या सिनिअर मंडळींनीही इथे जरा थांबावं. नवीन मुलं विचारायला येतात तेव्हा आपण काय सांगतो? "पहिलं वर्ष काय, सोपंच असतं." "आम्ही तर आदल्या रात्री वाचून पास झालो." यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि आपल्याला ते माहीत आहे. आपल्याला कोणीतरी असंच सांगितलं होतं आणि त्या रात्री आपण खोलीत बसून स्वतःला नालायक ठरवलं होतं. माझी सूचना आहे की नोट्स देताना आपल्या नापास झालेल्या स्टेशनांची यादीही द्यावी. माझी देते : खांदा, श्वसनाचे व्यायाम, आणि चालण्याचं विश्लेषण, ते दोनदा. आणि शिक्षकांना एक विनंती, फक्त एक. वॉर्डात "हे कोणाला माहीत आहे?" असं विचारण्याऐवजी कधीतरी "हे कोणाला माहीत नाही?" असं विचारून पहिला हात स्वतःचा वर करावा. आमच्या एका सरांनी एकदा केलं होतं. त्या दिवशी आम्ही जेवढे प्रश्न विचारले तेवढे अख्ख्या टर्ममध्ये विचारले नव्हते.

तुमच्या पर्यवेक्षकांना विचारायचंच असेल तर "कसं झालं?" असं विचारू नका. "छान" एवढंच उत्तर येतं. "पट्टी धरताना माझा हात कुठे चुकला?" असं विचारा. काम करताना बघायला बोलवा, काम झाल्यावर नाही.

आजींचं पुढे काय झालं, ते विचाराल म्हणून सांगते. घरी जाताना गुडघा ९५ झाला होता. मोजला मीच, मॅडम शेजारी उभ्या होत्या. ट्रोकँटर शोधायचा तर पेशंटला पाय हळूच आतबाहेर फिरवायला सांगायचं, बोटांखाली हाड सरकतं ते कळतं. हे पुस्तकात होतं. मी ते रंगवलंही होतं, पिवळ्या रंगाने.

पहिल्या प्रॅक्टिकलला तुम्हाला कपाटातून गोनिओमीटर घ्यायला सांगतील. घेतल्यावर आधी मधला स्क्रू हलवून बघा. काहींचे ढिले आहेत. पट्टी उचलता उचलता सरकते आणि आकडा बदलतो. ढिला निघाला तर गुपचूप परत ठेवून दुसरा घेऊ नका, जसा मी दोन वर्षं ठेवत आले. त्यावर चिकटपट्टी लावा, 'ढिला आहे' असं लिहा, आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.

तुमच्या दोन वर्षं पुढची,
फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी